मृगया आणि गृहस्थधर्म

मांसाचा विषय आपल्या घरांतून सहसा निघत नाहीं, आणि चुकून निघालाच तर वडील माणसें तो हळूच दुसरीकडे वळवितात. जें आपल्या ताटांत नाहीं त्याची चर्चा कशाला, असा एक सोयीचा समज आपल्यांत रूढ आहे. आमच्या घरींही तो होता. परंतु गेल्या दिवाळींत सर्व मंडळी एकत्र जमली असतां फराळाच्या वेळीं हा विषय असा कांहीं उफाळून आला कीं, तो टाळणें आम्हांस शक्य झालें नाहीं. आमचा एक पुतण्या नोकरीनिमित्त परगांवीं असतो. तो बाहेर कोंबडी खातो, ही गोष्ट घरांत सर्वांस ठाऊक आहे आणि कोणीही बोलून दाखवीत नाहीं. उलट धाकट्या भावाच्या मुलीनें वर्षभरापासून दूध-तूपसुद्धां वर्ज्य केलें आहे. त्या दोघांत वाद जुंपला. पुतण्याचें म्हणणें असें कीं, दुष्यंत मृगयेस जात असे, पांडव वनांत हरणांच्या मांसावर राहिले, मग आम्हांसच दोष कां? पुतणीचें म्हणणें असें कीं, जो प्राण्यास मारतो तो घातकीच; मग तो राजा असो, पारधी असो कीं खाटीक असो. शेवटीं दोघेंही आमच्याकडे वळून म्हणालीं, "काका, तुम्ही संस्कृत शिकलेले आहां. शास्त्र काय म्हणतें तें तुम्हीच सांगा."

त्या क्षणीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. वचनें आठवत नव्हतीं असें नाहीं. पण वचनांच्या आधीं एका मुलाचा चेहरा आठवला, आणि तोंडांतला शब्द तोंडांतच राहिला.

१९८७ च्या सुमारास आम्ही सोलापूर जिल्ह्यांतील एका लहानशा गांवीं शिक्षक होतों. गांवाबाहेरच्या माळावर फासेपारध्यांचीं चारसहा पालें पडलेलीं असत. त्यांतला एक नऊदहा वर्षांचा मुलगा आमच्या वर्गांत येई. अंगांत मोठ्या माणसाचा सदरा, पायांत कांहीं नाहीं, आणि बसण्याची जागा अगदीं मागें, दारापाशीं. एके दिवशीं आम्ही मुलांस वाल्मीकींची कथा सांगत होतों. तमसेचा कांठ, क्रौंचांची जोडी, निषादाचा बाण, मादीचा आक्रोश आणि ऋषींच्या मुखांतून शोकाचाच झालेला श्लोक हें सर्व आम्हीं मोठ्या रंगानें वर्णन केलें. पुढच्या रांगेंतील मुलींचे डोळे पाणावले, आणि आम्हांस आपल्या कथनाचा किंचित् अभिमानही वाटला. तोंच मागून तो पारध्याचा मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुर्जी, मंग त्यानं त्यो पक्षी खाल्ला, का टाकून दिला?"

सारा वर्ग खो खो हांसला. रसभंग झाल्यामुळें आम्ही संतापलों. "पारध्याच्या पोराला दुसरें काय सुचणार?" असें म्हणून आम्हीं त्यास तास संपेपर्यंत उभें केलें. पुढें दोनचार दिवसांनीं तो येईनासा झाला. लौकरच माळावरचीं पालेंही उठलीं. हजेरीपटावर त्याच्या नांवापुढें आम्ही नियमाप्रमाणें गैरहजेरीच्या खुणा करीत गेलों आणि शेवटीं तें नांव कमी केलें. त्यानंतर एका रात्रीं सहज म्हणून रामायणाचें बालकांड उघडून पाहिलें. निषादानें त्या पक्ष्याचें काय केलें हें कवीनें सांगितलेलेंच नाहीं. ज्याचें घर शिकारीवर चालतें त्याच्या मुलास जो प्रश्न सर्वांत आधीं सुचला, तो आम्हांस पंचवीस वर्षांच्या वयापर्यंत एकदांही सुचला नव्हता. तो प्रश्न गांवढळ नव्हता. या विषयाचें मूळच त्यांत आहे, हें उमगावयास मात्र आम्हांस फार वर्षें लागलीं.

असो. आतां शास्त्राकडे वळूं. प्रथम हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे कीं, आपल्या जुन्या ग्रंथांत या प्रश्नाचें एकच एक उत्तर नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत भक्ष्य व अभक्ष्य प्राण्यांची यादी आहे, यज्ञांतील मांसास मुभा आहे, आणि त्याच ओघांत मांसापासून निवृत्त होणें हें मोठें फळ देणारें आहे असेंही म्हटलें आहे. त्याच अध्यायांत एका प्राण्याच्या वधास जबाबदार असणारे आठ जण सांगितले आहेत. मारण्यास अनुमति देणारा, मारणारा, तुकडे करणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा हे सारेच तेथें घातक ठरविले आहेत. आमच्या पुतण्यास आम्हीं हेंच प्रथम सांगितलें. हॉटेलांतील स्वच्छ मेजावर बसून जो खातो त्याचा हात सुरीस लागलेला नसतो हें खरें. पण स्मृतिकारानें त्याला खाटकाच्या पंक्तीला बसविलें आहे, आणि खाटकाला त्याच्या.

परंतु याच स्मृतींत आमच्या पुतणीसही विचार करावयास लावणारी एक गोष्ट आहे. तिसऱ्या अध्यायांत गृहस्थाच्या घरांतील पांच वधस्थानें सांगितलीं आहेत. त्यांस तेथें सूना हा शब्द वापरला आहे, आणि सूना म्हणजे खाटीकखाना. हीं स्थानें कोणतीं? चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. रोज सकाळीं घरांतील बायामाणसें ज्या वस्तूंना हात लावतात त्यांच्याखालीं असंख्य जीव मरतात, आणि म्हणूनच गृहस्थानें रोज पंचमहायज्ञ करावे, असा त्या विधानाचा रोख आहे. म्हणजे जें घर मांसाला शिवत नाहीं त्यालाही आमच्या पूर्वजांनीं निष्पाप ठरविलें नाहीं. त्याला त्यांनीं ऋणी ठरविलें, आणि तें ऋण रोजच्या रोज फेडावयास सांगितलें.

वनपर्वांतील धर्मव्याधाची कथा आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेली असते. कौशिक नांवाच्या तपस्व्यानें नुसत्या क्रोधाच्या दृष्टीनें एक बगळी जाळली. पुढें एका गृहिणीनें त्याचें तें कृत्य ओळखून त्यास धर्म शिकण्यासाठीं मिथिलेंतील एका व्याधाकडे पाठविलें. तो व्याध मांसाच्या दुकानांत बसलेला होता. त्यानें ब्राह्मणास सांगितलें कीं, आपण स्वतः मारीत नाहीं व खातही नाहीं. वाडवडिलांपासून आलेला विक्रीचा धंदा तेवढा करतों. आणि मग त्यानेंच विचारलें कीं, नांगराखालीं किती प्राणी मरतात, धान्याच्या दाण्यांतही जीव आहे, तेव्हां या जगांत हिंसा न करणारा असा कोण आहे? लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या कथेंत बगळी मारणारा मांसाहारी नव्हता. तो वेदाध्ययन करणारा होता, आणि त्यानें ती भुकेपोटीं मारली नाहीं, रागापोटीं मारली. आमच्या विद्यार्थ्याच्या भाषेंत बोलावयाचें तर, त्यानें ती टाकून दिली.

मृगयेविषयीं तर आपल्या वाङ्मयांत मोठाच वाद आहे. राजाच्या कामज व्यसनांची गणना करतांना मनूनें मृगयेला पहिलें स्थान दिलें आहे. कौटिल्य मात्र द्यूत व मृगया यांची तुलना करतांना मृगयेच्या बाजूनें बोलतो. तींत व्यायाम होतो, मेद झडतो, चालत्या लक्ष्यावर नेम धरण्याची संवय होते, असें त्याचें म्हणणें. कालिदासानें शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापतीच्या तोंडीं अशीच स्तुति घातली आहे. पण पहिल्याच अंकांत आश्रमाचें हरिण मारूं नये म्हणून तपस्व्याकडून राजाचा बाण अडविला आहे. अनुशासनपर्वांत भीष्मानें अहिंसेला परम धर्म म्हटलें, आणि त्याच प्रकरणांत क्षत्रियाच्या शिकारीचें समर्थनही केलें. त्यानें दिलेलें कारण मनन करण्यासारखें आहे. शिकारी स्वतःचा जीव धोक्यांत घालतो. तो मारील किंवा मारला जाईल. दोघांची जोखीम सारखी असते म्हणून तींत दोष नाहीं. या न्यायानें पाहिलें तर ज्या वधांत मारणाऱ्यास कसलीच जोखीम नाहीं, त्याचें समर्थन भीष्माच्या तोंडून मिळणार नाहीं.

याहून सूक्ष्म विचार पंडुराजाच्या कथेंत आहे. मृगरूपानें क्रीडा करणाऱ्या किंदम ऋषीस त्यानें बाण मारला. त्या मृगरूपी ऋषीची तक्रार, हरिण मारलें अशी नाहीं. मीलनाच्या क्षणीं मारलें, थोडा वेळ थांबावयाचें होतें, ही त्याची तक्रार आहे. क्रौंचवधाच्या कथेंतही जो पक्षी पडला तो जोडप्यांतील होता व त्याच वेळीं पडला. म्हणजे मारण्यालाही एक वेळ असते आणि एक अवेळ असते, हें या दोन्ही कथांचें सांगणें आहे.

परंतु आमच्या मतें या विषयावरील सर्वांत मोठी कथा वनपर्वांतच आहे, आणि ती कीर्तनांत क्वचितच ऐकूं येते. पांडव द्वैतवनांत राहत असतां एका रात्रीं युधिष्ठिराच्या स्वप्नांत हरणें आलीं. तीं थरथर कांपत होतीं, डोळ्यांत अश्रु होते. तीं म्हणालीं, "आम्ही या वनांतील मारतां मारतां उरलेलीं हरणें आहों, आतां बियाण्यापुरतीं उरलों आहों. आपण वसति हलविली तर आमचा वंश वाढेल." युधिष्ठिर जागा झाला. सकाळीं त्यानें भावांस स्वप्न सांगितलें, आणि सर्व मंडळी द्वैतवन सोडून काम्यकवनांत गेली. मांस सोडण्याची प्रतिज्ञा त्यानें केली नाहीं, कारण वनांतील निर्वाह त्याच्यावर होता. पण ज्या वनानें आपणांस पोसलें त्यांत बीं शिल्लक राहिलें पाहिजे, एवढें त्यानें जाणलें व मुक्काम हलविला. वन्य प्राण्यांच्या रक्षणावर आजकाल पुष्कळ ग्रंथ लिहिले जातात. त्यांतील मुख्य सिद्धांत या लहानशा उपकथेंत येऊन गेला आहे.

अशोकाच्या शिलालेखांतही असाच क्रम दिसतो. त्याच्या पहिल्या लेखांत सांगितलें आहे कीं, पूर्वीं राजाच्या पाकशाळेंत रोज लक्षावधि प्राणी मारले जात. आतां फक्त तीन मारले जातात, दोन मोर व एक हरिण, तेंही हरिण नेहमीं नाहीं. आणि पुढें हे तीनही मारले जाणार नाहींत. आठव्या लेखांत त्यानें म्हटलें आहे कीं, पूर्वींचे राजे शिकारीच्या विहारयात्रांस जात, त्याऐवजीं आपण धर्मयात्रा सुरू केल्या. या आठव्या लेखाचा एक तुकडा आपल्याच महाराष्ट्रांत, सोपारा येथें, १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सांपडला, व तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतो. लक्षावधींवरून तीन आणि तिनांवरून शून्य, हा त्या सम्राटाचा मार्ग होता. हिशेब त्यानें आपल्या स्वतःच्या चुलीपासून मांडावयास घेतला, हें विशेष.

आतां ज्या लोकांची ही विद्याच होती त्यांच्याकडे वळूं. पारधी या एका नांवाखालीं अनेक शाखा येतात. फास लावून हरणें व पक्षी धरणारे ते फासेपारधी. शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडून सावजाजवळ जाणारे ते गायपारधी. चित्ता पाळून त्याच्याकडून काळवीट धरविणारे ते चित्तापारधी. आणि दारोदार फिरून जात्यांना टांकी लावणारे ते टाकणकार. आमच्या आजीच्या जात्याला टांकी लावावयास जो माणूस येई तो शिकाऱ्यांच्या जमातीचा आहे, हें आम्हांस लहानपणीं कोणीं सांगितलें नव्हतें. पक्ष्यांसाठीं यांचे फास घोड्याच्या केसांचे असत. पिंजऱ्यांतील शिकवलेल्या तित्तिराला माळावर ठेवीत; तो साद घाली, आणि रानांतले तित्तिर त्याच्यावर धांवून येतां येतां फासांत अडकत. बंदुकीचा बार नाहीं, धांवपळ नाहीं. जें धरलें जाई तें बहुधा जिवंत धरलें जाई, आणि त्यामुळेंच निवड करतां येई.

या निवडीची गोष्ट महत्त्वाची आहे. कैलास मल्होत्रा व माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनीं महाराष्ट्रांतील भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. त्यांत त्यांस आढळून आलें कीं, फासेपारधी, नंदीवाले व वैदू या तिघांचीं सावजें व साधनें वेगवेगळीं होतीं. नंदीवाले कुत्र्यांच्या साह्यानें रानडुकरें व घोरपडी मारीत, वैदू लहानसहान मांसभक्षक जनावरें धरीत, पारधी हरणें व पक्षी धरीत. त्यामुळें एकाच रानांत राहूनही एकाचा घांस दुसऱ्यानें हिरावून घेण्याचा प्रसंग क्वचितच येई. आणि फासेपारध्यांची जुनी रीत अशी होती कीं, फासांत गाभण हरिणी किंवा पाडस सांपडलें तर तें सोडून द्यावयाचें. युधिष्ठिराला जें स्वप्नांत कळलें आणि किंदम ऋषीनें जें मरतां मरतां सांगितलें, तें या लोकांनीं पोथीवांचून आचरणांत ठेवलें होतें.

आणि या लोकांचें पुढें काय झालें? १८७१ सालीं इंग्रजांनीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला; तो पुढें मुंबई इलाख्यासही लागू झाला. त्यानें जन्मावरूनच माणूस गुन्हेगार ठरूं लागला, आणि या लोकांवर रोजची हजेरी आली. सोलापुरांत त्यांच्यासारख्यांसाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत झाली. त्या भागास लोक अद्यापिही सेटलमेंट म्हणतात. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानांत ही हजेरी बंद करून फासेपारध्यांस कामें दिलीं, हा एक सन्माननीय अपवाद. तो कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडलें. कायदा गेला, पण नजर गेली नाहीं. आम्हीं वर्गांत जें वाक्य उच्चारलें तें त्या नजरेचेंच होतें.

याच काळांत दुसऱ्या प्रकारची शिकार राजरोस चालू होती. भरतपूरच्या पाणथळींत १९३८ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मंडळीनें एका दिवसांत ४,२७३ पक्षी पाडले. तो आंकडा तेथें दगडावर कोरून ठेवला आहे. १९४७ सालीं मध्यप्रांतांतील कोरिया संस्थानच्या राजानें तीन चित्ते मारले; देशांतील चित्त्यांची ती शेवटची निश्चित नोंद होय, आणि १९५२ सालीं हा प्राणी भारतांतून नष्ट झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. २०२२ सालीं नामिबियांतून चित्ते आणून कुनोच्या अरण्यांत सोडावे लागले. चारपांच तित्तिर धरून पोरांचें पोट भरणारा गुन्हेगार ठरला, आणि चार हजार पक्षी पाडणाराचें नांव शिळेवर गेलें. खाल्ला कीं टाकून दिला, हा प्रश्न तेथें कोणास विचारावयाचा?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा घातला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें परवान्यानें होणारी शिकारही बंद केली. हा कायदा योग्यच झाला, असें आमचें मत आहे. माळरानें नांगराखालीं गेलीं, विहिरी व कालवे आले, ऊस आला; हरणें पुन्हां बियाण्यापुरतीं उरलीं. अशा वेळीं मुक्काम हलविणें हाच युधिष्ठिराचा धर्म. परंतु युधिष्ठिराला जावयास काम्यकवन होतें. पारध्याला कोणतें वन दाखविलें? हरणांसाठीं अभयारण्यें झालीं हें ठीक झालें. ज्यांची भाकरी त्या रानांत होती त्यांना जमीन नाहीं, दाखला नाहीं, शाळेंत मागली रांग, अशी स्थिति दीर्घकाळ राहिली. प्राण्यांवर दया करतांना माणसाचा हिशेब अपुरा ठेवला तर ती दया अर्धी होय.

दुसऱ्या टोंकाची गोष्टही सांगितली पाहिजे. आमचा एक जुना विद्यार्थी शेती करतो. त्याच्या भुईमुगांत व मक्यांत रानडुकरें शिरतात आणि एका रात्रींत चार महिन्यांचें कष्ट उलथून टाकतात. "गुरुजी, अहिंसा पाळूं कीं कर्ज फेडूं?" असें त्यानें आम्हांस विचारलें. अशा प्रसंगीं कांहीं लोक कुंपणांत वीज सोडतात किंवा गावठी बाँब पेरतात. त्यानें भलतेंच जनावर तडफडून मरतें, कधीं माणूसही मरतो. हा मार्ग सर्वथा निंद्य. कायद्याप्रमाणें जीवितास वा मालमत्तेस अपाय करणाऱ्या प्राण्यास योग्य अधिकाऱ्याच्या परवानगीनें मारतां येतें. पण अशा रीतीनें मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो, आणि त्याचें मांस शेतकऱ्याच्या चुलीवर जात नाहीं. तें पुरावें किंवा जाळावें लागतें. मांसाची मोकळीक दिली तर रक्षणाच्या निमित्तानें शिकारच सुरू होईल, ही भीति खरी आहे व आम्हांस ती पटते. तरीही मनांत एक शल्य राहतें. ज्या गांवांत गरिबाच्या मुलास पुरेसें अन्न नाहीं, त्याच गांवच्या शिवेवर मारलेला प्राणी मातींत जातो. निषादाचा पक्षी येथें उघडउघड टाकून दिला जातो, आणि तोही कायद्यानें.

आतां बाजारांतल्या मांसाचा विचार करूं. पुतण्यास आम्हीं विचारलें, "तूं खातोस त्या कोंबडीचें वय किती असतें?" त्यास ठाऊक नव्हतें. मांसासाठीं वाढविलेली कोंबडी साधारण पांचसहा आठवड्यांत वजनास भरते आणि मारली जाते. छपराखालीं हजारोंच्या दाटींत तिचें सारें आयुष्य जातें. माती उकरणें तिला माहीत नसतें. फासांत सांपडलेल्या तित्तिराला निदान त्या दिवसापर्यंत आभाळ तरी होतें. भीष्मानें सांगितलेली जोखीम येथें नाहीं, किंदमानें मागितलेली सवड नाहीं, आणि मारणारा कोण हें खाणाऱ्यास माहीतही नाहीं. पुराणांतल्या मृगयेचा आधार या मांसाला लागू पडत नाहीं, हें त्यास मान्य करावें लागलें.

मग आपण शाकाहारी मंडळी सुटलों काय? (कोंकणांतील व गोमंतकांतील आमचे सारस्वत वाचक मासे खातात, त्यांचा प्रश्न त्यांच्यापुरता वेगळा.) आपल्या चहांतील दूध बहुधा म्हशीचें असतें. म्हैस दूध देण्यासाठीं व्याली पाहिजे, आणि व्यालेल्या रेडकांपैकीं निम्मे रेडे असतात. त्यांचें काय होतें? आपल्या राज्यांत १९७६ च्या कायद्यानें गोवधास बंदी झाली व २०१५ सालीं ती बैलांपर्यंत पोंचली. म्हैस व रेडा तींत नाहींत. म्हशीच्या मांसाची निर्यात करणाऱ्या देशांत आपला देश अग्रभागीं आहे. तें मांस ज्या गोठ्यांतून जातें त्याच गोठ्यांतून आपलें तूप येतें. पुतणीनें दूध सोडलें तेव्हां आम्ही घरांतील वडील तिला हांसलों होतों. तें हांसणें आम्हीं या लेखानें परत घेतों.

देवघरांतही हाच हिशेब आहे. सोवळ्याचा मुकटा, कद, पैठणी हीं रेशमाचीं. कोशांतला किडा पंख फुटून बाहेर पडला तर धागा तुटतो, म्हणून तो आंत असतांनाच कोश उष्णतेनें मारून उकळत्या पाण्यांत घालतात. एक पौंड रेशमास अडीच ते तीन हजार कोश लागतात. तें वस्त्र नेसून आपण शुद्ध होतों, आणि मांसविक्याची सांवली टाळतों! मुंजींत बटूच्या जानव्यांत जो काळ्या चामड्याचा तुकडा ओंवतात तो कृष्णाजिनाचा, म्हणजे काळविटाच्या कातड्याचा. तें काळवीट आपल्यासाठीं कोणीं मारलें? बहुधा कोणा पारध्यानें. त्याचा फास आपल्या धर्मकृत्यांस चालला. त्याचा मुलगा आपल्या वर्गांत चालला नाहीं.

दिवाळीच्या त्या संध्याकाळीं आम्हीं दोन्ही मुलांस शेवटीं जें सांगितलें तें असें. शास्त्र कोणा एकाच्या बाजूनें निकाल देत नाहीं. तें तीन प्रश्न विचारतें. कशासाठीं मारलें, कसें व केव्हां मारलें, आणि मागें बीं किती राहिलें? भुकेसाठीं मारणें, मौजेसाठीं मारणें आणि न पाहतां दुसऱ्याकडून मारविणें यांचें पाप सारखें नाहीं. जो खातो त्यानें हे प्रश्न स्वतःस विचारावे. जो खात नाहीं त्यानेंही ते विचारावे, कारण पंचसूनांतून कोणीच सुटलेला नाहीं. आणि ज्याला आपण पाप म्हणतों तें करून ज्याचें पोट भरलें, त्याला हीन लेखण्याचा अधिकार तर कोणासच नाहीं. आम्ही स्वतः जन्मभर मांसास शिवलों नाहीं व पुढेंही शिवणार नाहीं. पण आतां तें आम्ही मोठेपणाचें लक्षण मानीत नाहीं.

पुतण्यानें कांहींच कबूल केलें नाहीं. पण त्यानंतर तो एकदां म्हणाला कीं, मागवितांना तुमचा प्रश्न आठवतो. तेवढें पुरे आहे. घरांत आम्हीं दोन लहान बदल केले. पूजेसाठीं मुकट्याऐवजीं धाबळी काढली. कातरलेल्या लोंकरीसाठीं मेंढीस मरावें लागत नाहीं, आणि धाबळीचें सोवळें आपल्या आजोबांस मान्य होतें. येत्या वैशाखांत घरीं मुंज आहे; तिच्यासाठीं कृष्णाजिनाचा तुकडा आणूं नये असें उपाध्यायांस कळविलें. काळवीट आज कायद्यानें पूर्ण संरक्षित आहे, हें कारण त्यांस पुरलें. दुसरें कारण आम्हीं आमच्यापाशींच ठेवलें.

त्या मुलाचा शोध आम्हीं पुढें दोनतीन वेळां केला. सोलापुरांत व आसपासच्या गांवीं विचारलें. थांग लागला नाहीं. आज तो पन्नाशीकडे झुकला असेल. त्याच्या प्रश्नास उत्तर देणें त्या दिवशीं आम्हांस सहज शक्य होतें. "बाळ, तें पोथींत लिहिलेलें नाहीं, पण तुझा प्रश्न बरोबर आहे," एवढें म्हटलें असतें तरी पुरलें असतें. आमच्या वाचकांत जे शिक्षक असतील, आणि ज्यांच्या घरीं मुलें प्रश्न विचारीत असतील, त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, मागल्या रांगेंतून आलेला प्रश्न हांसण्यावारी नेऊं नये.